लग्नाचा दस्त

रीजन्सी काळातल्या इंग्रजी प्रेमकादंबरीत लग्न ठरलं की मी आधी वकील शोधते. कर्जात बुडालेला उमराव, श्रीमंत व्यापाऱ्याची मुलगी, दोघांनी नाइलाजाने दिलेला होकार, हे सगळं पहिल्या पन्नास पानांत उरकलेलं असतं. मग नाच, गैरसमज, पावसात भिजणं आणि शेवटी प्रेम. पण सह्या कुठल्या कागदावर झाल्या, विश्वस्त कोण नेमले, नवरा आधी गेला तर बाईला वर्षाला किती मिळणार, याबद्दल अवाक्षर नसलं की माझं त्या पुस्तकावरून मन उडतं. फोर्टातल्या सॉलिसिटरच्या कचेरीत गहाणखतं, बक्षीसपत्रं आणि विश्वस्तपत्रं लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्याचा हा परिणाम असेलही. तरी माझं म्हणणं धंद्याच्या सवयीपुरतं नाही. त्या काळच्या सोयीच्या लग्नातून कागद बाजूला काढला, तर सोय नेमकी कुणाची झाली हेच कळेनासं होतं.

काटेकोरपणे पाहिलं तर रीजन्सी म्हणजे ५ फेब्रुवारी १८११ ते २९ जानेवारी १८२०. तिसऱ्या जॉर्जचं मन भ्रमिष्ट झालं आणि थोरला मुलगा त्याच्या नावाने राज्य पाहू लागला, तो काळ. या युवराजाचं स्वतःचं लग्न म्हणजे उघड सौदा होता. १७८५ साली त्याने मारिया फिट्झहर्बर्ट या कॅथलिक विधवेशी गुपचूप लग्न केलं होतं. राजाच्या परवानगीवाचून झालेलं ते लग्न कायद्याने टिकणारं नव्हतं. पुढे त्याचं कर्ज सहा लाख पौंडांच्या वर गेलं. ते फेडण्याची व्यवस्था व्हावी म्हणून १७९५ च्या एप्रिलमध्ये तो ब्रन्सविकच्या कॅरोलाइनशी बोहल्यावर चढला. पहिल्या भेटीतच तिला पाहून त्याने ब्रँडी मागवली होती. एक मुलगी झाली आणि दोघं वेगळे झाले. ती मुलगी, राजकन्या शार्लट, १८१७ साली बाळंतपणात गेली. गादीला पुढच्या पिढीत वारस उरला नाही, तेव्हा तिच्या प्रौढ काकांची लग्नासाठी धावपळ सुरू झाली. त्यांपैकी ड्यूक ऑफ क्लॅरेन्सला डोरोथी जॉर्डन या नटीपासून दहा मुलं होती. तिला त्याने आधीच दूर केलं होतं आणि ती फ्रान्समध्ये हलाखीत वारली होती. १८१८ च्या जुलैमध्ये त्याचं आणि ड्यूक ऑफ केंटचं लग्न क्यू इथे एकाच दिवशी लागलं. केंटची मुलगी म्हणजे व्हिक्टोरिया राणी.

राजवाड्यात असं, तर जमीनदारांच्या घरी वेगळं काय असणार? लग्न झालं की इंग्रज स्त्रीचं कायद्यातलं स्वतंत्र अस्तित्व संपे. तिची रोकड, दागिने, कपडेसुद्धा नवऱ्याचे होत. तिच्या जमिनीचं उत्पन्न तो घेई. मुलांवर हक्क बापाचा. म्हणूनच पैसेवाल्या घरात लग्नाआधी दोन्हीकडचे वकील बसून करारनामा लिहीत. मुलीबरोबर किती रक्कम येणार, तिला वरखर्चाला दरसाल किती, विधवा झाल्यास किती, धाकट्या मुलामुलींचे वाटे किती, हे त्यात असे. विधवेची नेमणूक साधारणपणे मुलीने आणलेल्या दर हजार पौंडांमागे वर्षाला शंभर, अशा हिशेबाने ठरे. मुलीचा बाप धूर्त असला तर तो काही मिळकत थेट विश्वस्तांच्या ताब्यात देई, म्हणजे जावयाचा हात तिथवर पोचत नसे.

पण तिथेही पळवाट होती. नवरा लाडीगोडीने नाहीतर धाकाने बायकोची सही मिळवी आणि मिळकत गहाण पडे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लॉर्ड थर्लो या लॉर्ड चॅन्सेलरने त्यावर तोड काढली. दस्तातच असं बंधन घालायचं की नवरा आहे तोवर बाईला स्वतःची मिळकत विकता किंवा गहाण टाकता येणार नाही. तिचं संरक्षण करायचं ते तिचे हात बांधून! मुंबईत वकिली करणाऱ्यांच्या नजरेसमोर हे बंधन रोज असतं, फक्त लक्ष जात नाही. आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १० मध्ये विवाहितेबद्दलचा अपवाद आहे आणि त्यातून हिंदू, मुस्लिम आणि बौद्ध स्त्रिया वगळल्या आहेत, तो थर्लोच्याच तोडग्याचा वंशज. ज्या साली इंग्लंडच्या पार्लमेंटने विवाहितेला तिच्या मिळकतीवर पूर्ण मालकी दिली, त्याच साली तो आपल्या कायद्यात लिहिला गेला. शिकत असताना या कलमातला तो भाग परीक्षेला येत नाही म्हणून आम्हाला सोडून द्यायला सांगितलं होतं. त्यामागे किती बायकांचं रडणं आहे, हे मला फार पुढे कॅथरीन टिल्नी-लाँगची हकिकत वाचताना समजलं.

१८०५ साली कॅथरीनचा अकरा वर्षांचा भाऊ वारला आणि सगळी इस्टेट तिच्याकडे आली. एसेक्स आणि विल्टशरमधल्या जमिनी आणि लंडनजवळचा वॉनस्टेड हाउस हा प्रचंड वाडा. तिचं उत्पन्न वर्षाला चाळीस हजार पौंड असल्याचं लोक बोलत. मागण्यांची रीघ लागली. त्यात तो ड्यूक ऑफ क्लॅरेन्सही होता. तिने मात्र विल्यम वेलस्ली-पोल या देखण्या, उधळ्या तरुणाला पसंत केलं आणि १४ मार्च १८१२ ला त्याच्याशी लग्न केलं. त्याने तिच्या घराण्याचं नाव स्वतःच्या नावाला जोडून घेतलं आणि दहा वर्षांत वॉनस्टेडची धूळधाण केली. १८२२ च्या जूनमध्ये सुरू झालेला वाड्यातल्या सामानाचा लिलाव महिनाभर चालला. झुंबरं, चित्रं, गालिचे, सगळं गेलं. नंतर वाडाही पाडून दगडमातीच्या भावाने विकला. देणेकऱ्यांना चुकवत कुटुंब युरोपात हिंडत असताना तो एका लष्करी अधिकाऱ्याच्या बायकोबरोबर राहू लागला. कॅथरीन मुलांना घेऊन इंग्लंडला परतली आणि १८२५ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारली. जाण्याआधी तिने बहिणींना एकच विनवलं, मुलं त्याच्या हाती देऊ नका. १८२७ साली लॉर्ड चॅन्सेलर लॉर्ड एल्डनने बापाचा ताबा नाकारला. बापाचा हक्क जवळजवळ अभंग मानणाऱ्या त्या काळात ही मोठीच गोष्ट होती.

कॅथरीनचं लग्न कुणी लादलेलं नव्हतं. तिच्या बाजूने ते प्रेमलग्न होतं, सोय सगळी त्याच्या बाजूची. कादंबरीकारांना दोघंही सारखेच व्यवहारी किंवा दोघंही सारखेच भाबडे लागतात. खऱ्या आयुष्यात पारडी अशी समान क्वचितच असत, आणि मला चांगल्या कादंबरीत तेच हवं असतं.

दादरच्या एका लायब्ररीतून आणलेल्या अशा कितीतरी कादंबऱ्यांत नवराबायको वर्षभर वेगळ्या खोल्यांत राहून मग लग्न रद्द करून घ्यायचं ठरवतात. त्या काळात हे शक्यच नव्हतं. शरीरसंबंध आला नाही एवढ्यावर लग्न रद्द होत नसे. नवरा किंवा बायको असमर्थ आहे हे धर्मन्यायालयात सिद्ध करावं लागे. जाणूनबुजून दिलेला नकार हे कारण कायद्यात आलं १९३७ साली. पुनर्विवाहाची मुभा देणाऱ्या घटस्फोटाला पार्लमेंटचा खास कायदा लागे. १८०१ साली जेन ॲडिसनला तो मिळाला, आणि १८५७ पर्यंत असं यश आणखी तिघींनाच आलं. दार बंद आहे हे ठाऊक असलेली माणसं एका घरात कशी वागतील, हा खरा कादंबरीचा विषय आहे. दार उघडं ठेवलं की लेखिकेचं काम सोपं होतं आणि गोष्ट खोटी पडते.

जेन ऑस्टिनला हे दार चांगलं ठाऊक होतं. १८०२ च्या डिसेंबरमध्ये हॅरिस बिग-विदर या इस्टेटीच्या वारसाला तिने संध्याकाळी होकार दिला आणि सकाळी तो मागे घेतला. ती तेव्हा सत्तावीस वर्षांची होत होती. तेच वय तिने १८१३ साली आलेल्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधल्या शार्लट लुकसला दिलं, आणि शार्लटला मात्र कंटाळवाण्या कॉलिन्सशी लग्न करू दिलं. त्या कादंबरीत पैशाचे आकडे जागोजागी आहेत. बेनेटबाईंच्या लग्नातल्या करारात पाच हजार पौंड बांधलेले आहेत. विकमला लिडियाशी लग्न करायला लावण्यासाठी त्याचं कर्ज फेडावं लागतं आणि तिच्या नावे रक्कम करून द्यावी लागते. पण सोयीच्या संसाराचं सगळ्यात बारीक चित्रण शार्लटच्या घरात सापडतं. आपल्या बैठकीसाठी तिने मागची, कमी छान खोली निवडली आहे. रस्त्याकडची खोली नवऱ्याला. तिथे खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या दिसतात, म्हणून तो तिथेच रमतो आणि हिच्या खोलीत फारसा येत नाही. बागकाम तब्येतीला चांगलं म्हणून त्याला ती बागेत जायला उत्तेजन देते. एलिझाबेथला मैत्रिणीची कीव येते. मला येत नाही. चार भिंतींत स्वतःची एक जागा मिळवायला तिने जी अक्कल लढवली, तिला मी मान देते.

जॉर्जेट हेअरने पन्नासहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. तिची १९३४ सालची ‘द कन्व्हीनियंट मॅरेज’ हसतखेळत वाचून होते. तिथे सोयीचं लग्न हा खेळ आहे. १९६१ सालच्या ‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’मध्ये ती खेळत नाही. युद्धातून लंगडत परतलेला ॲडम डेव्हरिल बापाच्या मृत्यूनंतर घरी येतो, तर फाँटली ही वडिलोपार्जित वास्तू विकण्याची पाळी आलेली. त्याचं प्रेम सुंदर, हळव्या ज्युलियावर. ज्युलियाचा बापच त्याला दुसरं स्थळ सुचवतो, जोनाथन चॉली या धनाढ्य व्यापाऱ्याची मुलगी जेनी. ठेंगणी, जाडसर, मुखदुर्बळ. ती ज्युलियाची मैत्रीण, आणि आधीपासून ॲडमवर मनातून जीव लावून असलेली. ॲडमला तिचा चेहराही नीट आठवत नाही.

या पुस्तकात पैसा शेवटपर्यंत घरातून हलत नाही. चॉली जावयावर भेटींचा वर्षाव करतो आणि प्रत्येक भेटीबरोबर ॲडमला आपण विकत घेतलेले आहोत असं वाटत राहतं. चॉली खलपुरुष नाही. मोठ्याने बोलणारा, सगळ्यांवर हुकमत गाजवणारा, पण चिनी मातीच्या नाजूक भांड्यांची उत्तम पारख असलेला आणि मुलीसाठी जीव टाकणारा बाप आहे. जेनी दोघांमध्ये उभी. नवऱ्याला काय खायला आवडतं, कधी एकटं सोडावं, त्याच्या शेतीच्या बेतांबद्दल काय विचारावं, हे ती न बोलता शिकते. आपल्याला ज्युलियाची जागा मिळणार नाही हे ती पहिल्यापासून धरून चालते. वॉटर्लूच्या वेळी पराभवाच्या अफवेने सरकारी रोखे कोसळतात, चॉली विकायला सांगतो, आणि ॲडम सेनापतीवर विश्वास ठेवून उलट खरेदी करतो. त्या नफ्याने तो सासऱ्याच्या ओझ्याखालून मोकळा होतो आणि मग त्याला बायकोकडे सरळ पाहता येतं. हा क्रम फार खरा आहे. मिंधेपणा जाईपर्यंत माया उमलत नाही, हे लेखिकेने ओळखलं.

शेवटी ॲडम जेनीवर वेडं प्रेम करू लागत नाही, म्हणून पुष्कळ वाचक या पुस्तकावर नाराज असतात. माझ्या मैत्रिणींशीही यावरून वाद झाले आहेत. त्या म्हणतात, जेनीवर अन्याय झाला. मला वाटतं, लेखिकेने तिला फसवलं नाही हाच न्याय. जेनीला जे मिळालं ते रोजचं आणि टिकाऊ आहे, आणि ते काय आहे हे तिला पुरतं कळतं.

ॲडमने ज्याच्यावर विश्वास टाकला त्या सेनापतीचं लग्नही याच हकिकतीत बसतं, आणि ते आपल्या मुलखातून जातं. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, हा कॅथरीनच्या नवऱ्याचा काका. १७९३ साली त्याने आयर्लंडमध्ये किटी पॅकनमला मागणी घातली, तेव्हा तो कफल्लक म्हणून तिच्या घरच्यांनी त्याला नाकारलं. तो हिंदुस्थानात आला. १८०३ च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला, २३ सप्टेंबरला असई, नोव्हेंबरच्या अखेरीस अडगाव. परतला तेव्हा त्याच्या गाठीला चाळीस हजार पौंडांच्या वर रक्कम होती. तिचा मोठा भाग युद्धातल्या लुटीच्या वाट्याचा होता. शिंदे-भोसल्यांच्या पराभवावर उभ्या राहिलेल्या त्या पैशाने पॅकनमांचा नकार पुसला गेला. जुन्या शब्दाला जागायचं म्हणून, मधल्या वर्षांत तिचं तोंडही न पाहता, त्याने पत्रातून पुन्हा मागणी घातली आणि १० एप्रिल १८०६ ला डब्लिनमध्ये लग्न केलं. ते सुखाचं झालं नाही. किटीची नजर अधू, स्वभाव भिडस्त, घरखर्चाचा मेळ तिला जमेना आणि उधाऱ्या ती नवऱ्यापासून लपवी. तो पुढे मित्रमंडळींत या लग्नाला मूर्खपणा म्हणे. ती १८३१ साली वारली, तोवर दोघं एकमेकांना बांधलेलीच होती.

हेअरने १९३७ सालच्या ‘ॲन इन्फेमस आर्मी’मध्ये वेलिंग्टनला फार कसून उभं केलंय, त्याची पत्रं आणि हुकूम तपासून. किटीवर मात्र तिने कादंबरी लिहिली नाही. जेनी चॉली ज्या हाताने लिहिली गेली, त्याच हाताने किटीही लिहिली जायला हवी होती: दाराआड उधारीची बिलं मोजणारी, जुन्या शब्दाखातर पत्करली गेलेली आणि ते पुरतं ओळखून असलेली बायको.