आसाने दिलेली सूट कोणी घेतली? जालन्याच्या बैलगाडीपासून मोटारीच्या मागच्या आसापर्यंत

१/ जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मर्यादा आहे. त्याच जिल्ह्यात, शेतरस्त्यांवर, बैलगाडी अजूनही माणसाच्या चालीने जाते. या दोहोंच्या पोटाखाली एकच जुनी वस्तू आहे : आस. मोटारीचा मागचा आस आणि त्यातील गिअर बदलून गाडी ‘तेज’ करण्याचा छंद आज अनेक तरुणांना आहे. त्या छंदामागे असलेला प्रश्न मात्र फार जुना आहे. त्याचा हा धागा.

२/ प्रथम बैलगाडी पाहू. मध्ये आडवा आस, त्याच्या दोन्ही टोकांवर चाके. चाकाचा मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, कडेला लोखंडी धाव. आस स्वतः फिरत नाही. चाक त्याच्याभोवती फिरते. सारे घर्षण तुंबा आणि आस यांच्या मधल्या बोटभर जागेत एकवटते. वंगण सुकले की गाडी कुरकुरते, आणि ती कुरकुर बैलाच्या खांद्यावर वजन होऊन बसते.

३/ ही रचना आपल्या मुलखात किती जुनी? १९७४ मध्ये प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे कांस्याच्या चार वस्तू सापडल्या. त्यांतील एक म्हणजे बैलजोडी जुंपलेला दोनचाकी रथ. तिच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण दोन चाके, एक आस आणि दोन बैल हा मेळ गोदावरीच्या खोऱ्यात प्राचीन आहे, एवढे ती मूर्ती निःसंशय सांगते.

४/ आसावरील पहिला मोठा प्रयोग युद्धाने केला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये ग्रिबोव्हाल याने तोफगाड्यांना लाकडाऐवजी लोखंडी आस आणि तुंब्यात पितळी नळी बसवली. घर्षण घटले, तोफा हलक्या आणि चपळ झाल्या. युरोपातील युद्धाचा वेग वाढण्यामागे हेही एक कारण होते.

५/ पण आस एकटा काही करू शकत नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात, असई येथे, शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी वेलस्लीची गाठ पडली. मराठी तोफांच्या माऱ्यात इंग्रजी तोफा ओढणारे बैल पडले. तोफा जागीच अडकल्या; त्या मागे टाकून पायदळाला पुढे जावे लागले. चाके शाबूत होती, ओढणारा उरला नव्हता.

६/ आता कायद्याच्या भाषेत आस पाहू. ओढकाम करणाऱ्या जनावरांवरील क्रूरता रोखण्यासाठी केंद्र सरकारने १९६५ मध्ये नियम केले. दोनचाकी गाडीत मध्यम आकाराच्या एका बैलासाठी भाराची कमाल मर्यादा अशी : साधे चाक असेल तर ७०० किलो, हवेचे टायर असतील तर १,०५० किलो आणि बॉल बेअरिंग असतील तर १,४०० किलो.

७/ हे आकडे सावकाश वाचावेत. बेअरिंगमुळे ओढण्याचे श्रम कमी होतात, हे विज्ञान नियम करणाऱ्यांना पूर्ण ठाऊक होते. त्या सवलतीचे त्यांनी काय केले? भाराची मर्यादा दुप्पट केली. आसाने दिलेली सूट बैलाकडे गेलीच नाही; ती सारी मालाकडे गेली.

८/ याचा जिवंत पुरावा म्हणजे ऊसतोडीच्या हंगामातील टायरगाडी. जालना जिल्ह्यातूनही अनेक कुटुंबे दरवर्षी तोडीला जातात. मजुरी टनावर मिळते. गाडी जितकी सहज चालेल तितका ऊस अधिक भरला जातो. यात गाडीवानाचा दोष शोधणे सोपे आहे. पण टनाचा हिशेब त्याने ठरवलेला नाही.

९/ योगायोग असा की त्याच १९६५ साली फ्रान्सच्या नादेला कंपनीच्या सहकार्याने ‘एनआरबी बेअरिंग्ज’ ही भारतीय कंपनी स्थापन झाली. सुईसारख्या बारीक रुळांचे बेअरिंग ही तिची ओळख. पुढे तिचा एक कारखाना जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आला. असे बेअरिंग गिअरबॉक्ससारख्या जागी लागते, जिथे जागा थोडी आणि भार मोठा असतो. ज्या जिल्ह्यात वंगण घातलेला आस कुरकुरत होता, तिथे घर्षण जिंकण्याचा कारखाना उभा राहिला.

१०/ आता मोटारीकडे वळू. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. बैलगाडीत दोन्ही चाके सुटी, म्हणून अडचण नाही. आगगाडीत दोन्ही चाके आसाला घट्ट जोडलेली. तिथे चाकांचा पृष्ठभाग उतरता ठेवून काम भागवतात. मोटारीत मात्र आसानेच चाके फिरवायची आणि दोघांचा वेग वेगळाही राहू द्यायचा. हा पेच मोठा होता.

११/ त्याचे उत्तर मोटारीच्या आधीच सापडले होते. फ्रान्समधील घड्याळजी ओनेसिफोर पेकर याने १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचे पेटंट घेतले. तेच दंतचक्रांचे जाळे पुढे प्रत्येक मोटारीच्या आसात गेले. त्याचा एक दोष असा की एक चाक चिखलात फिरू लागले की जोर त्या चाकाकडेच वाहून जातो. १९३०च्या दशकात जर्मनीतील शर्यतीच्या मोटारींत ही गळती रोखणारे डिफरन्शियल आले.

१२/ आसातील दुसरी महत्त्वाची जोडी म्हणजे क्राउन आणि पिनियन. हिशेब साधा आहे. चाकाचा परीघ २ मीटर धरू. ताशी १२० किलोमीटर म्हणजे मिनिटाला २,००० मीटर, म्हणजे चाकाचे १,००० फेरे. इंजिन थेट जोडलेल्या गिअरमध्ये आहे असे मानू. आसाचे प्रमाण ४ असेल तर इंजिन ४,००० फेरे घेईल; ३ असेल तर ३,०००.

१३/ मग सर्वांनी ३ का घेऊ नये? कारण इंजिनाचा तोच जोर चाकापर्यंत पोहोचताना पाऊण होतो. घाट चढताना, जागेवरून उसळी घेताना गाडी मंदावते. उलट ३ वरून ४ वर गेले की ओढ एक-तृतीयांशाने वाढते, आणि सपाट रस्त्यावर इंजिन उगाच ओरडते, इंधन अधिक पिते. गिअर जोर निर्माण करीत नाही. तो वेगाचा जोर आणि जोराचा वेग करून देतो.

१४/ आणखी एक गोष्ट जाणकार मेकॅनिक सांगतात : आस भक्कम केला की दुबळी जागा नाहीशी होत नाही, ती सरकते. नवे क्राउन-पिनियन टिकते, मग प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट तुटतो. तोही बदलला की क्लच, आणि शेवटी टायर व ब्रेक. मूळ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने आडकाठी केली आहे, ती याच साखळीमुळे समजून घेता येते.

१५/ इतिहासाची एक गंमतही पाहा. मुंबईच्या कुर्ल्यात बनणाऱ्या ‘प्रीमियर पद्मिनी’चा मागचा आस गाडी ढकलत असे. डिसेंबर १९८३ मध्ये ‘मारुती ८००’ आली आणि ओढण्याचे काम पुढच्या चाकांकडे गेले. मागचा आस पुन्हा बैलगाडीसारखा झाला : फक्त भार पेलणारा, स्वतः काही न ओढणारा. आता चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या काही विजेरी मोटारींत मोटरच मागच्या आसाशी जाऊन बसली आहे. चक्र फिरून तिथेच आले.

१६/ तात्पर्य. आस सुधारला की प्रत्येक वेळी काही बळ मोकळे होते. तोफगाडीत ते चपळाईकडे गेले, बैलगाडीत मालाकडे, मोटारीत वेगाकडे. ते सुरक्षिततेकडे किंवा जनावराच्या विसाव्याकडे आपोआप कधीच गेले नाही. तसे व्हावे असे कोणीतरी ठरवावे लागते. म्हणून गिअर बदलण्यापूर्वी दातांची संख्या मोजावीच, पण मोकळे होणारे बळ कोण घेणार आणि त्याचा भार कोण वाहणार, हेही विचारावे.

१७/ मित्रहो, तुमच्या गावात लाकडी आसाची जुनी गाडी अजून उभी असेल, तर तिच्या भागांची तुमच्याकडची नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून इथे लिहा. सुतार-लोहारांच्या तोंडची ही नावे वीस कोसांवर बदलतात, आणि गाडीच्याही आधी तीच विस्मरणात जातात.