नाट्यगृहे, मराठी

मराठी नाटकाला हक्काचे घर उशिरा मिळाले. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ १८४३ मध्ये सांगली संस्थानच्या राजाश्रयाने झाले. १८५३ मध्ये त्यांच्या मंडळीने मुंबईच्या ग्रँट रोड थिएटरात प्रयोग केले; नाना शंकरशेट यांच्या पुढाकाराने १८४६ मध्ये उभे राहिलेले हे थिएटर मुळात इंग्रजी नाटकांचे. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग १८८० मध्ये पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात झाला. लंडनमध्ये जेम्स बर्बेजने १५७६ मध्ये शहराच्या हद्दीबाहेर ‘द थिएटर’ बांधले, तेव्हा शेक्सपिअर अवघा बारा वर्षांचा होता. तिथे आधी घर आणि मग नाटककार, आपल्याकडे उलट. स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याची रीत मात्र दोन्हीकडे सारखी.

संस्थानी नाट्यगृहांत मानाचे स्थान कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरचे. राजर्षी शाहू महाराजांनी ते खासबाग कुस्ती मैदानाला लागूनच बांधले. एका भिंतीपलीकडे शड्डू, अलीकडे नाट्यपद, असा हा खास कोल्हापुरी शेजार. १९१५ मध्ये ते खुले झाले. पुढे त्याला ‘ललितकलादर्श’चे संस्थापक, गायक-नट केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, लागलेल्या आगीत छप्पर व रंगमंच भस्मसात झाले. लंडनचे ‘ग्लोब’ही १६१३ मध्ये, प्रयोगात उडवलेल्या तोफेने गवती छप्पर पेटून जळाले होते, ते वर्षभरात पुन्हा उभे राहिले. कोल्हापूरच्या वास्तूची पुनर्बांधणी आगीनंतर हाती घेण्यात आली.