चांपानेरची जामी मशीद आणि पताई रावळाची कथा

बडोद्याहून ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरांवर, पावागडाच्या पायथ्याशी चांपानेरची जामी मशीद उभी आहे. नवरात्रात कालिकामातेच्या दर्शनाला निघालेल्या बडोदेकर मराठी कुटुंबांना तिचे मिनार दुरून परिचयाचे असतात. वाट वाकडी करून आत जाणारे मात्र थोडेच. वास्तविक १७२ खांबांनी पेललेले ते दालन, मधल्या कमानीच्या दोन्ही अंगांचे सुमारे ३० मीटर उंचीचे मिनार आणि छतातील कोरीव कमळे पाहिली, म्हणजे देवालये घडविणाऱ्या शिल्पीपरंपरेचाच हात येथे फिरला आहे, हे निराळे सांगावे लागत नाही.

या मशिदीमागील इतिहासापेक्षा लोकांना कथाच अधिक ठाऊक. नवरात्रात प्रत्यक्ष कालिकामाता स्त्रीरूपाने गरब्यात उतरली. तिच्या लावण्याने मोहित होऊन पताई रावळाने तिचा पदर धरला. देवीने वर मागण्यास सांगितले, तेव्हा त्याने तिलाच राणी होण्याची गळ घातली. देवीने शाप दिला आणि राज्य बुडाले.

फार्सी तवारिखांतील हकीकत निराळी आहे. गुजरातच्या सुलतानाचा सरदार मलिक सुधा चांपानेरच्या मुलखात लुटीस शिरला असता रावळाच्या हातून मारला गेला. ते निमित्त होऊन महमूद बेगडा चालून आला. रावळ जयसिंहाने माळव्याच्या सुलतानाकडे मदत मागितली. तो मदतीस निघाला, पण परत फिरला. वेढा लांबत चालला, तेव्हा गड घेतल्यावाचून हलणार नाही हे सैन्यास पटावे म्हणून महमूदाने छावणीतच मशिदीचा पाया घातला, असे फरिश्ता लिहितो. हे कथन जामी मशिदीला चिकटविण्याचा मोह आवरावा. ती पुरी झाली सोळाव्या शतकाच्या आरंभी, आणि गड पडला नोव्हेंबर १४८४ मध्ये. जखमी रावळ हाती लागला. धर्मांतर करण्यास त्याने नकार दिला. तेव्हा प्रधान डुंगरशीसह त्याचा वध झाला.

येथे एक विचित्र न्याय दिसतो. जेत्यांच्या बखरकारांनी ज्याचा निर्धार नोंदवून ठेवला, त्यालाच स्वजनांच्या गाण्यांनी कामांध ठरविले. देवीच्या पायथ्याशी असलेले राज्य देवीदेखत कसे बुडाले, या प्रश्नाला भाविक मनास उत्तर हवे होते, आणि शापाच्या कथेने ते दिले. मात्र त्याची किंमत जयसिंहाला मोजावी लागली, असे आम्हांस वाटते. त्याच्या वंशजांनी पुढे छोटा उदेपूर व देवगड बारिया येथे गाद्या राखल्या.

महमूदाने चांपानेरला राजधानी केले व मुहम्मदाबाद हे नाव दिले. १५३५ मध्ये हुमायूनने ते जिंकले. पुढे राजधानी अहमदाबादेस परतली आणि नगर रानात बुडाले. अठराव्या शतकात पावागड शिंद्यांकडे आला व १८५३ मध्ये पंचमहालाचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या रमणलाल मेहता यांनी येथे उत्खनन करून रानाखालचे नगर उजेडात आणले. २००४ मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारशाचे स्थान दिले. मुहम्मदाबाद हे नाव मात्र लोकांच्या तोंडी रुळले नाही, आणि गरब्यातला पताई अजून पदर धरूनच उभा आहे.