मराठी रंगभूमीवरील खलपुरुष आणि प्रेक्षकांचा लोभ : ‘कीचकवध’ ते ‘सामना’

नाटकातील दुष्ट पात्राचा प्रेक्षकाने तिरस्कार करावा, ही अपेक्षा नाटककाराची असते, नीतीची असते आणि नाट्यगृहात शिरताना बहुधा प्रेक्षकाचीही असते. प्रत्यक्षात मात्र मराठी रंगभूमीच्या इतिहासात असे अनेक खलपुरुष आढळतात की ज्यांच्या प्रवेशाची प्रेक्षक वाट पाहत असे, ज्यांची वाक्ये घरी जाऊन म्हणत असे आणि ज्यांच्या पराभवाने त्याला थोडी चुटपूटही लागत असे. या लोभाचे स्पष्टीकरण सामान्यतः दोन प्रकारे दिले जाते. एक, नट मोठा होता. दोन, माणसाला पापाचे सुप्त आकर्षण असते. दोन्ही उत्तरे खोटी नाहीत, परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला ती पुरत नाहीत. पापाचे आकर्षण सर्वकाळ सारखेच असेल, तर एका काळातील प्रेक्षक खलपुरुषाकडे मुठी आवळून पाहतो आणि दुसऱ्या काळातील प्रेक्षक त्यालाच टाळी देतो, असे का व्हावे? प्रस्तुत निबंधाचे म्हणणे असे आहे की हा लोभ खलपुरुषाच्या दुष्टपणाच्या मापावर ठरत नाही. त्याने छळलेली व्यक्ती प्रेक्षकाला किती जवळची वाटते, यावर तो ठरतो.

या विषयाच्या साधनांविषयी आरंभीच थोडे सांगणे आवश्यक आहे. टाळीचे दप्तर कोणी ठेवत नाही. प्रेक्षकांच्या भावना आपल्यापर्यंत पोहोचतात त्या नटांच्या आत्मचरित्रांतून, वृत्तपत्रीय परीक्षणांतून किंवा सरकारी रोषातून. चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ किंवा प्रभाकर पणशीकरांचे ‘तोच मी’ ही आत्मचरित्रे मोलाची आहेत; पण नटाला टाळी जितकी आठवते तितकी शांतता आठवत नाही, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी लागतात.

खलपुरुषावरील लोभ ही आधुनिक काळाची विकृती नव्हे. कोकणातील दशावताराच्या आरंभी येणारा संकासुर वेद पळविणारा दैत्य आहे. विष्णूच्या हातून त्याचा वध व्हायचा हे ठरलेले असते. तोपर्यंत मात्र तो सूत्रधाराशी हुज्जत घालतो, विनोद करतो, आणि सारी सभा त्याच्या बाजूने हसत असते. रत्नागिरीकडच्या शिमग्यात हाच संकासुर काळ्या वेशात गावभर फिरतो, मुले त्याला भितात आणि त्याच्याच मागे धावतात. देवलांनी मराठीत आणलेल्या ‘मृच्छकटिक’ नाटकातील शकारही याच कुळातला. वसंतसेनेचा गळा दाबणारा हा राजश्यालक पुराणातल्या कथांची अशी काही सरमिसळ करून बोलतो की प्रेक्षकाला राग धरून ठेवणे अवघड जाते. हसवणाऱ्यावर पूर्ण राग धरता येत नाही, ही गोष्ट आपल्या लोकपरंपरेला फार पूर्वीपासून ठाऊक होती.

या पार्श्वभूमीवर १९०७ साली रंगभूमीवर आलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे नाटक वेगळे उठून दिसते. त्यातील कीचकावर लोभ जडण्याची वाटच खाडिलकरांनी बंद केली. कथा विराटपर्वातील, परंतु कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे परतंत्र देश, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हा अर्थ प्रेक्षकांना कोणी सांगावा लागला नाही. व्हॅलेंटाईन चिरोल यांनी ‘इंडियन अनरेस्ट’ (१९१०) या ग्रंथात या नाटकाच्या प्रेक्षकांचे ताणलेले चेहरे आणि स्त्रियांच्या डोळ्यांतील अश्रू यांचा वृत्तांत दिला आहे. हा शत्रुपक्षाचा साक्षीदार आहे आणि त्याचा हेतू बंदीचे समर्थन करण्याचा आहे, हे खरे. तथापि प्रेक्षागृहातील तिरस्कार किती धगधगीत होता याची साक्ष म्हणून ती नाकारता येत नाही. १९१० मध्ये मुंबई सरकारने नाटकावर बंदी घातली.

वऱ्हाडच्या दृष्टीने येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. कर्झनचे नाव घेताच वंगभंगाची आठवण येते. वऱ्हाडी माणसाला मात्र आणखी एक व्यवहार आठवण्याचे कारण होते. १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेला हा प्रांत १९०२ मध्ये कर्झनने निजामाशी करार करून सालीना पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला. मक्त्याने दिल्या-घेतल्या गेलेल्या या मुलखातील रहिवाशांना कोणी विचारले नव्हते. ज्या अमरावतीत १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याचे स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे पुढे टिळकांचे निकटचे सहकारी झाले आणि ‘कीचकवध’वर बंदी आली त्या वेळी टिळकांच्याच सुटकेच्या खटपटीसाठी इंग्लंडमध्ये होते. याच अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांनी ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि ‘रणदुंदुभी’ ही नाटके लिहिली. ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ या नावातच खलत्वाचा निवाडा केलेला आहे. प्रेक्षकाला स्वतः ठरवण्यासारखे फारसे शिल्लक ठेवलेले नाही. स्वातंत्र्यचळवळीच्या काळातील रंगभूमीला प्रेमळ खलपुरुष परवडत नव्हता, असे म्हणावे लागते. त्याने छळलेली सैरंध्री ही प्रेक्षकाला आपली आई वाटत होती.

राजकीय नाटकाबाहेर मात्र चित्र निराळे होते. राम गणेश गडकरी यांच्या निधनानंतर, १९१९ मध्ये, ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. सुधाकराच्या हाती पहिला प्याला देणारा तळीराम हा या शोकांतिकेचा खरा खलपुरुष. पण त्याच्या आर्यमदिरामंडळाच्या सभेत प्रेक्षक इतका हसतो, की मद्यपानाविरुद्ध लिहिलेल्या नाटकात मद्यपींचा अड्डाच सर्वांत रंगतदार जागा ठरतो. गडकऱ्यांना हे कळत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. त्यांनी आयुष्याच्या अखेरीस सावनेर येथे लिहून संपवलेल्या ‘भावबंधना’त तर त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. घनश्याम हा खलपुरुष लतिकेने केलेल्या अपमानाने दुखावलेला आहे. सूड वाईट, पण जखम खरी. बळवंत संगीत मंडळीत दीनानाथ मंगेशकर लतिका आणि चिंतामणराव कोल्हटकर घनश्याम अशी जोडी होती, आणि कोल्हटकरांची कीर्ती प्रामुख्याने या खलभूमिकेवर उभी राहिली. खलपुरुषाला भूतकाळ दिला की प्रेक्षक त्याच्याविषयी तर्क करू लागतो, आणि तर्क करणारा प्रेक्षक निम्मा वकील झालेला असतो.

या सर्व परंपरेचे शिखर म्हणजे आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ मधील लखोबा लोखंडे. मो. ग. रांगणेकरांच्या दिग्दर्शनाखाली ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. नाटकाला आधार होता काझी खटल्याचा, म्हणजे खोटी नावे घेऊन स्त्रियांशी विवाह करणाऱ्या आणि त्यांना लुबाडणाऱ्या एका माणसावरील खऱ्या खटल्याचा. न्यायालयात उभा असलेला आरोपी सांगतो की आपण निपाणीचे तंबाखूचे व्यापारी आहोत, आणि साक्षीदार ज्याच्याविषयी बोलत आहेत तो आपण नव्हेच. साक्ष सुरू होते, फिरता रंगमंच वळतो आणि तोच नट बडा अधिकारी दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज, दाजीशास्त्री दातार अशा रूपांत समोर येतो. प्रभाकर पणशीकरांनी या पाच भूमिकांचे अडीच हजारांहून अधिक प्रयोग केले.

लखोबा प्रेक्षकाला का आवडला? नट मोठा होता हे उत्तर येथे वेगळ्या अर्थाने खरे आहे. इतर नाटकांत नटाचे कौशल्य आणि पात्राचे कौशल्य या भिन्न गोष्टी असतात. कीचकाचे काम करणारा नट कीचक नसतो, हे टाळी देताना प्रेक्षक विसरत नाही. लखोबाच्या बाबतीत हा भेदच उरत नाही. पात्राचा गुन्हा हाच मुळी वेषांतराचा, आवाज बदलण्याचा, बोली बदलण्याचा आहे. आणि नटाची कलाही नेमकी तीच आहे. काही क्षणांत कोट टाकून कफनी चढवून आलेल्या पणशीकरांना पडलेली टाळी त्यांच्याकडून सरळ लखोबाच्या खात्यावर जमा होत होती. त्यात भर अशी की लखोबा वकील न देता स्वतःच उलटतपासणी घेतो. सरकार, पोलीस, न्यायालय यांच्यासमोर कोणताही आधार नसलेला एकटा माणूस केवळ जिभेच्या बळावर उभा आहे, हे दृश्य कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या सामान्य प्रेक्षकाला सुखावणारे होते. त्याची सीमाभागातील मराठी हीदेखील दुर्लक्षिण्यासारखी नाही. निपाणी १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेले होते आणि अत्रे हे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे अग्रणी होते. त्या बोलीला मिळणाऱ्या हशात काही आपुलकी मिसळलेली असावी, असे मला वाटते.

परंतु याच ठिकाणी नाटकाच्या यशाचा हिशेब अवघड होतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने द्विभार्याप्रतिबंध सर्वत्र लागू केला होता आणि नाटकाच्या आदल्याच वर्षी, १९६१ मध्ये, हुंडाबंदीचा कायदा झाला होता. प्रेक्षागृहातील प्रत्येक कुटुंबात कोणी ना कोणी उपवर मुलगी असणार, स्थळाची चौकशी नीट झाली नाही तर काय होते याची भीती प्रत्येक आईबापाला असणार. म्हणजे बळी परका नव्हता. तरीही हशा होतच राहिला. असे का झाले, याचे उत्तर नाटकाच्या रचनेत शोधावे लागते. प्रत्येक स्त्री साक्षीदार म्हणून येते, आपली हकीकत सांगते आणि रंगमंच वळताच त्या हकीकतीचा ताबा लखोबाकडे जातो. तिचे दुःख हे त्याच्या पुढच्या रूपाचे निमित्त ठरते. एकीच्या फसवणुकीवर प्रेक्षक संतापला असता. अनेकींची फसवणूक पाहताना तो मोजू लागतो, आणि पुढचा वेष कोणता याची उत्सुकता त्याला लागते. ‘कीचकवधा’त एक सैरंध्री होती, म्हणून ती देश होऊ शकली. येथे त्या अनेक आहेत, आणि म्हणून त्यांच्यापैकी एकीचेही नाव मराठी बोलीत उतरले नाही. उतरले ते नाटकाचे शीर्षक. एखाद्या पुढाऱ्याने जबाबदारी झटकली की वृत्तपत्रे आजही तोच मथळा देतात.

चित्रपटात या प्रश्नाने आणखी एक वळण घेतले. ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) पासून निळू फुले यांनी गावच्या सत्ताधाऱ्याचे जे रूप उभे केले, ते आरंभी निव्वळ धाक घालणारे होते. गावोगावच्या स्त्रिया आपल्याला पाहून तोंड फिरवत, असे ते स्वतः सांगत. राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतून आलेल्या आणि सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागूंसमवेत झटणाऱ्या या माणसाने त्या तिरस्कारालाच आपल्या कामाची पावती मानले. विजय तेंडुलकर लिखित आणि जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’ मधील हिंदुराव धोंडे पाटील मात्र असा एकरंगी नाही. हा साखरसम्राट एका फाटक्या, दारुड्या मास्तरावर खरोखर जीव लावतो, त्याला घरी ठेवून घेतो. आणि तो मास्तर मात्र मारुती कांबळेचे काय झाले, हा एकच प्रश्न विचारत राहतो. हिंदुरावाचा पाहुणचार पडद्यावर दिसतो, मारुती कांबळे मात्र बहुतांशी प्रश्नातच राहतो. प्रेक्षकाला हिंदुराव आवडू लागतो आणि आपण कोणाला विसरत आहोत याची आठवण मास्तर त्याला करून देतो. खलपुरुष लोभस केला तरी बळी नजरेआड होऊ द्यायचा नाही, ही कसरत मराठीत इतक्या जाणतेपणाने क्वचितच साधली गेली आहे. वऱ्हाडातील प्रेक्षकाला साखर कारखान्याचा अध्यक्ष ही दूरची, पश्चिम महाराष्ट्रातील असामी. आमच्याकडे कापूस, आणि १९७२ पासून त्याच्या एकाधिकार खरेदीच्या रांगा. कदाचित म्हणूनच आमच्याकडे हिंदुरावाच्या ऐटीची मजा अधिक निर्धास्तपणे घेतली गेली. निळू फुले २००९ मध्ये गेले. त्यांच्या आवाजात बाईला वाड्यावर बोलावण्याची नक्कल आज राजापेठेच्या चहाच्या टपरीवरही होते आणि सारे हसतात. ज्यांना खरोखर वाड्यावर बोलावले जात असे, त्यांच्या पिढीतील काही वृद्धा अद्याप हयात असतील.

काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनासाठी ‘तो मी नव्हेच’ मधील एक प्रवेश बसवण्याचे काम माझ्याकडे आले होते. लखोबाच्या भूमिकेसाठी अकरा मुलांनी नावे दिली. फसवल्या गेलेल्या स्त्रीच्या भूमिकेसाठी एकीनेही दिले नाही. अखेर द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीला मी आग्रह केला. प्रयोगाच्या दिवशी तिच्या साक्षीच्या प्रत्येक वाक्यामागून मागच्या रांगांतून हशा येत होता, कारण पिंजऱ्यात उभा असलेला लखोबा तोंडे वेडावीत होता आणि ते मीच त्याला शिकवले होते. ती मध्येच थांबली. हशा ओसरेपर्यंत उभी राहिली, आणि मग राहिलेली साक्ष तिने पहिल्यापासून पुन्हा सांगितली.