युद्धखेळ स्पर्धांतील खिलाडूवृत्ती

छोट्या सैनिकांच्या प्रतिकृती, फासे आणि इंचांची टेप घेऊन टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांच्या स्पर्धांत खेळाडूंनी पाळावयाचे संकेत व शिष्टाचार. या खेळात प्रत्येक टेबलाशी पंच उभा नसतो. अंतर मोजणारा, फासे टाकणारा, मेलेले सैनिक उचलणारा आणि गुण लिहिणारा खेळाडूच असतो. सभागृहात मोजके पंच फिरत असतात, तेही हाक मारली तर येतात. म्हणून टेप आणि फाशांबरोबर समोरच्याची सचोटीही इथे खेळाच्या साहित्यात धरावी लागते.

मुळात असे नव्हते. प्रशियन सैन्यातील अधिकारी गेओर्ग फोन राइस्वित्स याने 1824 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘क्रीगस्पील’मध्ये दोन्ही पक्ष लेखी हुकूम देत. नकाशावरचे ठोकळे हलवणे आणि फाशांवरून हानी ठरवणे ही कामे तिसऱ्याच माणसाकडे असत. जर्मनमध्ये त्याला दिलेल्या नावाचा अर्थच ‘विश्वासातला माणूस’ असा होता. पुढे हा खेळ छावणीतून घरात आला आणि तो तिसरा माणूस गळाला. एच. जी. वेल्स याच्या ‘लिटल वॉर्स’ (1913) या पुस्तकात स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफा खरोखरच लाकडी दंडगोल उडवतात. सैनिक पडला की मेला, त्यामुळे नेमाबद्दल फारसा वाद उरत नाही. वेळेचा वाद मात्र उरतोच. त्यावर वेल्सने दर तीस सैनिकांमागे एक मिनिट आणि दर तोफेमागे एक मिनिट, असे गणित बसवले होते.

आजच्या स्पर्धांवर ब्रिटनमधील नॉटिंगहॅम येथील गेम्स वर्कशॉप या कंपनीच्या ‘वॉरहॅमर’ (1983) आणि ‘वॉरहॅमर 40,000’ (1987) या खेळांची छाप आहे. घरगुती डावासाठी त्यांच्या नियमपुस्तकांच्या अनेक आवृत्त्यांनी एक सोपा उपाय सांगितला: नियमावरून अडले तर दोघांनी एकेक फासा टाकावा, ज्याचा आकडा मोठा त्याचे खरे मानावे आणि पुढे खेळावे. मित्रामित्रांत हे चालते. स्पर्धेत सहा महिने रंगवलेले सैन्य घेऊन आलेल्या माणसाला नियमाचा अर्थ फाशावर सोडवत नाही. तिथे पंचाचा शब्द अखेरचा असतो.

काही लबाड्या खेळाच्या रचनेतूनच जन्मल्या. जुन्या वॉरहॅमरमध्ये तोफ डागण्यापूर्वी लक्ष्य किती इंचांवर आहे याचा अंदाज बोलून दाखवावा लागे, मोजणी त्यानंतर. त्यामुळे काही जण कोपरापासून मनगटापर्यंतची आपली लांबी पाठ करून येत आणि टेबलावर सहज हात टेकवल्यासारखे करत. कोणी आधी भलतेच, पण नियमात बसणारे अंतर मोजून घेई आणि त्यावरून तोफेचे ताडून पाही. याला फसवणूक म्हणावे की चतुराई, यावर क्लबांमध्ये एकमत झाले नाही. शेवटी नियमच बदलला: वॉरहॅमरच्या 2010 मधील आठव्या आणि 40,000 च्या 2012 मधील सहाव्या आवृत्तीपासून केव्हाही मोजण्याची मुभा मिळाली, आणि कोपर टेकवण्याचे कारणच संपले.

फाशांचे संकेत अधिक साधे आणि अधिक कडक आहेत. किती आकडा हवा ते टाकण्यापूर्वी मोठ्याने सांगायचे. मूठभर फासे एकदम टाकल्यावर चुकलेले उचलायचे आणि लागलेले टेबलावरच ठेवायचे, म्हणजे समोरच्याला मोजता येतात. एखाद्या झाडाला किंवा भिंतीला टेकून तिरपा राहिलेला फासा पुन्हा टाकायचा. तो सहावर टेकला असला तरीही, आणि खरी परीक्षा तिथेच होते. फाशांबद्दल शंका आली तर दोघांनी तेच फासे वापरावेत, हा सर्वमान्य तोडगा आहे.

बुद्धिबळात मोहऱ्याला हात लागला की ते खेळावेच लागते. दोन हजार गुण किमतीच्या सैन्यात शंभर प्रतिकृती असू शकतात आणि धक्क्याने त्या सरकतात, त्यामुळे तो नियम इथे जसाच्या तसा चालत नाही. त्याऐवजी चांगले खेळाडू हेतू बोलून दाखवतात: ‘ही तुकडी तुमच्या बंदुकांच्या टप्प्याबाहेर ठेवतोय, बरोबर?’ समोरच्याने होकार दिला की नंतर अर्ध्या इंचावरून भांडण नाही. डावाआधी आपल्या सैन्यातील फसवे नियम समोरच्याला समजावून सांगणेही याच रीतीत येते. ते दडवून ऐन वेळी बाहेर काढणाऱ्याला ‘गॉचा’ खेळाडू म्हणतात. मराठीत ‘रडीचा डाव’ हा शब्द आहे, पण तो हरू लागल्यावरच्या कुरबुरीला अधिक शोभतो. गॉचा खेळाडू रडत नाही, तो हसत असतो.

सर्वांत चिवट तक्रार संथ खेळाची. पाच फेऱ्यांचा डाव तीन तासांत संपवायचा असतो. आघाडी मिळाल्यावर हात आखडणारा खेळाडू तिसऱ्या फेरीतच जिंकून जातो, आणि त्याने मुद्दाम केले हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. 2018 च्या सुमारास अमेरिकेतील मोठ्या स्पर्धांत बुद्धिबळाची घड्याळे टेबलावर आली. ज्याचा वेळ संपला त्याला पुढे सैन्य हलवता येत नाही. बचावाचे फासे टाकणे आणि गुण मोजणे एवढेच उरते. शंभर पायदळ घेऊन येणाऱ्यांना हे अन्यायाचे वाटते, कारण पाच रणगाडे हलवणाऱ्यालाही तेवढीच मिनिटे मिळतात. वेल्सने वेळ डोकी मोजून वाटला होता, या घड्याळाने तो समान वाटला. प्रस्तुत लेखकाला वेल्सचा हिशेब अधिक न्याय्य वाटतो, पण तो दर डावाला नव्याने मांडावा लागेल आणि त्यावरही वाद होतील.

खेळाबाहेरचे वर्तनही नियमांत येऊ लागले. नोव्हेंबर 2021 मध्ये स्पेनमधील तालावेरा येथील स्पर्धेत एक खेळाडू नाझी चिन्हे असलेले कपडे घालून खेळला. त्यावरून गदारोळ झाल्यावर गेम्स वर्कशॉपने निवेदन काढून अशा खेळाडूंना आपल्या दुकानांत आणि स्पर्धांत जागा नाही, असे जाहीर केले.

वागणुकीलाच गुण द्यावेत हा प्रयोग जुना आहे. अनेक स्पर्धांत लढतीच्या गुणांत रंगकामाचे गुण आणि प्रतिस्पर्ध्यांनी दिलेले वागणुकीचे गुण मिळवून एकूण विजेता ठरवत. लवकरच एक वेगळीच लबाडी निघाली: पुढे जाण्याची शक्यता असलेल्या सभ्य प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम कमी गुण द्यायचे. सचोटी मोजण्याचे साधनच बेइमानीचे हत्यार झाले. मग दहापैकी गुण देण्याऐवजी ‘वेळेवर आला का’, ‘मोजताना दाखवले का’ असे हो-नाहीचे प्रश्न आले. अनेक ठिकाणी तेही सोडून, स्पर्धेअखेर आवडत्या प्रतिस्पर्ध्याला एक मत देण्याची पद्धत रुजली. ते मत कोणालाही खाली ओढू शकत नाही. 2020 मधील नवव्या आवृत्तीपासून वॉरहॅमर 40,000 च्या शंभर गुणांत रंगवलेल्या सैन्याला दहा गुण ठेवलेले आहेत. वागणुकीला त्या शंभरात एकही नाही.