डोहातल्या छत्र्या

मुरबाडच्या बाजारात सुकट घेऊन बसणारी अर्नाळ्याकडची एक मावशी माझ्या ओळखीची आहे. गेल्या वर्षी तिच्या पाटीत जवळा निम्माच दिसला. भाव विचारला तर म्हणाली, "मास्तर, जाल्यात मासली कुठं हाय? नुसतं पाण्यावानी बुळबुळीत भरतंय. वर वढताना हात जलतात." मग तिनेच विचारलं, "तुमी शालेत शिकवलंव ना? हे येवढं एकदम येतं कुठून?"

तीस वर्षं जीवशास्त्र शिकवूनही मला पटकन उत्तर देता आलं नाही. ते शोधताना मी समुद्राकडे न जाता उलट सह्याद्रीत, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका शोधापाशी जाऊन पोहोचलो.

आधी समुद्राचं पाहू. पावसाळ्यात मुंबईच्या चौपाट्यांवर येणारी 'निळी बाटली' ही खरी जेलीफिश नव्हे. ती अनेक सूक्ष्म जीवांची एकत्र वसाहत असते आणि वाऱ्याबरोबर किनाऱ्याला लागते. २०१८च्या ऑगस्टमध्ये शंभराहून अधिक लोकांना तिचा दंश झाल्याच्या बातम्या होत्या. जाळ्यात भरणाऱ्या खऱ्या जेलीफिशची गोष्ट वेगळी. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे तिच्या आयुष्याचा उत्तरार्ध. बहुतेक जातींचा पूर्वार्ध तळाशी जातो. खडकाला, शिंपल्याला, जेटीच्या खांबाला चिकटलेला, काही मिलिमीटरांचा तो जीव म्हणजे पॉलिप. तो महिनोन्‌महिने तसाच बसून राहतो. पाण्याचं तापमान आणि खाद्य जुळून आलं की एकेका पॉलिपपासून अनेक छत्र्या सुटतात. त्याच खाद्यावर जगणारे मासे आपण आधीच उपसून काढलेले असले, तर त्या छत्र्यांना वाटेकरी उरत नाही.

ही बातमी आमच्याकडे सुकटीच्या भावातून पोहोचते, आणि ही रीत जुनी आहे. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारी वाट आमच्याच तालुक्यातून नाणेघाट चढते. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, बाहेर दगडी रांजण आहे. किनाऱ्याचं मीठ आणि सुकी मासळी अशाच घाटवाटांनी देशावर गेली. पण समुद्रातलीच वाटणारी जिवंत जेलीफिश घाटमाथ्यापलीकडच्या नदीत भेटेल, असं कुणाच्या मनात आलं नसतं.

ती शंकर पुरुषोत्तम आघारकरांना भेटली. १८८४ साली मालवणला जन्मलेले आघारकर तेव्हा मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. ते पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले, कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९४६ साली पुण्यात त्यांनी उभी केलेली संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पण तरुणपणी सह्याद्रीत नमुने गोळा करत हिंडताना, १९११च्या सुमारास, सातारा जिल्ह्यात कृष्णेला मिळणाऱ्या नद्यांच्या डोहांत त्यांना जेमतेम दोन सेंटिमीटरांच्या पारदर्शक छत्र्या तरंगताना दिसल्या. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९१२मध्ये त्या प्राण्याला नाव दिलं, 'लिम्नोक्निडा इंडिका'. 'नेचर'मध्येही या शोधाची बातमी आली.

एवढा गाजावाजा का झाला? हे कुळ तोवर फक्त आफ्रिकेतलं समजलं जात होतं. १८८३ साली टांगानिका सरोवरात त्याचा पहिला प्राणी दिसला होता. त्यावरून जे. ई. एस. मूर यांनी हे सरोवर प्राचीन समुद्राचा उरलेला तुकडा असल्याचं प्रतिपादन केलं होतं. तोच प्राणी कृष्णेच्या खोऱ्यात निघाल्यावर प्रश्न बदलला. भारत आणि आफ्रिका कधीकाळी जोडलेले होते का? एडवर्ड झ्यूस यांनी 'गोंडवन' ही कल्पना आधीच मांडली होती, आणि त्याच १९१२च्या जानेवारीत आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात हा विचार जाहीर केला. तरीही एकट्या या प्राण्यावरून खंड जोडता येत नाहीत. १८८० साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये महाकमळाच्या हौदात अशाच गोड्या पाण्यातल्या छत्र्या अचानक निघाल्या होत्या. त्यांची जात मूळची चीनमधली. पाणवनस्पतींना चिकटून तिचे पॉलिप जगभर पसरले. म्हणजे आपल्या छत्र्यांची साक्ष महत्त्वाची खरी, पण ती एकटी पुरेशी नाही.

मला मात्र खंडांपेक्षा डोह अधिक महत्त्वाचे वाटतात. या छत्र्या उन्हाळ्यात, धार आटून पाणी डोहांत थबकलं की दिसतात आणि पहिल्या पुरात नाहीशा होतात. डोहाकाठच्या माणसांनी त्या पाहिल्या असतीलच. आघारकरांनी नोंद केली, म्हणून त्या इतिहासात आल्या. पुढे कोयनेवर धरण झालं, वेण्णेवर कण्हेरचं झालं. जिथे नदी उन्हाळ्यात डोहांत विसावायची, तिथे आता जलाशय आहे.

१९५१ साली सह्याद्रीच्या पश्चिमेकडे वाहणाऱ्या पाण्यातही हा प्राणी सापडल्याची नोंद प्रसिद्ध झाली. ती वाचल्यापासून एप्रिल-मेमध्ये मी आमच्या काळू नदीच्या डोहांवर जातो. काचेची बरणी बुडवतो, उन्हात धरतो. डास-अळ्या, पाणनिवळ्या, माशांची पिल्लं दिसतात. छत्री अजून दिसलेली नाही. काळूवरच्या नियोजित धरणाचं काम २०१२मध्ये उच्च न्यायालयाने थांबवलं. आता त्याची चर्चा पुन्हा कानावर येते. धरण झालं तर गावं आणि रानं बुडतील, हे लोक सांगतातच. त्यांबरोबर तळाशी काय बुडेल, हे सांगायला कुणीतरी तळ पाहिलेला असायला हवा.

पुढच्या बाजाराला मी मावशीला उत्तर दिलं. म्हटलं, "एकदम येत नाहीत गं. आधीपासून तळाशी चिकटून असतात. आपल्याला दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो."

ती पाटीतला जवळा सारखा करत म्हणाली, "मंग तल कोन बगतो, मास्तर?"

काळूचं पाणी भातसेला घेऊन उल्हासला मिळतं आणि वसईच्या खाडीतून तिच्याच समुद्राला जातं. यंदा पाऊस लागायच्या आत मी शाळेतल्या चार मुलांनाही डोहावर नेलं. बरण्या त्यांच्याच हाती दिल्या.