मिडी : प्रतिस्पर्ध्यांनी घडविलेली वाद्यांची भाषा

नवे वाद्य जन्मास आले म्हणजे संगीताच्या इतिहासात त्याची नोंद होते. ते घडविणाऱ्या कारागिराचे नाव मागे राहते आणि ते वाजविणाऱ्या कलावंतांची परंपरा निर्माण होते. परंतु दोन वाद्यांना परस्परांशी बोलता यावे म्हणून जो करार होतो, त्याची आठवण सहसा कोणी ठेवीत नाही. मिडी या नावाने ओळखला जाणारा संकेत हा असाच एक करार होय. विजेवर चालणारा की-बोर्ड दुसऱ्या की-बोर्डास, तालयंत्रास अथवा संगणकास जोडता येतो, तो याच कराराच्या आधारे. १९८३ साली निश्चित झालेला हा संकेत चार दशकांनंतरही जगभर वापरात आहे आणि तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. व्यापारी जगात असे क्वचितच घडते. म्हणून ते कसे घडले, हे पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली आपला सिंथेसायझर सिद्ध केला. या वाद्यात सुराची उंची विजेच्या दाबावर ठरे. दाब एका व्होल्टने वाढला की सूर एक सप्तक वर चढे. जपानमधील कॉर्ग आणि यामाहा या कंपन्यांनी मात्र निराळे गणित पत्करले. त्यांच्या वाद्यांत एक सप्तक चढावयाचे तर दाब दुप्पट करावा लागे. साहजिकच मूगचा की-बोर्ड कॉर्गच्या वाद्यास सरळ जोडला, तर उमटणारे स्वर बेसूर होत. पुढे वाद्यांच्या पोटात संगणकाचे छोटे मेंदू बसू लागले. सिक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीचा १९७८ मधील प्रॉफेट-५ हा त्यांतील अग्रगण्य होता. तरीही अडचण सरली नाही. रोलँड आणि ओबरहाइम यांनी वाद्ये जोडण्याच्या आपापल्या पद्धती काढल्या, पण एकाची तार दुसऱ्यास चालेना. ज्याने एका कंपनीचे वाद्य घेतले, त्याने दुसरेही तिथूनच घ्यावे, असा हा मामला होता. त्याचा भुर्दंड अर्थातच वादकास पडे.

या कोंडीवर उपाय शोधण्यास पुढाकार घेतला तो रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी. ओसाका येथे १९३० साली जन्मलेले हे गृहस्थ तरुणपणी घड्याळे दुरुस्त करीत. १९८१ च्या जून महिन्यात वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात त्यांनी टॉम ओबरहाइम यांच्याजवळ सर्वमान्य संकेताचा विषय काढला. पुढे सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ यांच्याशी बोलणी झाली. त्याच वर्षी स्मिथ आणि त्यांचे सहकारी चेट वूड यांनी ध्वनितंत्रज्ञांच्या न्यूयॉर्क येथील अधिवेशनात अशा संकेताचा आराखडा मांडला. १९८२ च्या आरंभी त्यावर उत्पादकांची बैठक झाली. काहींना आराखडा अपुरा वाटला, काहींचा उत्साह लवकरच मावळला. अखेर रोलँड, यामाहा, कॉर्ग आणि कावाई या चार जपानी कंपन्या व सिक्वेन्शियल ही एक अमेरिकन कंपनी एवढ्यांनीच काम तडीस नेले. बाजारात या पाचही एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होत्या, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९८३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे भरलेल्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ यांची जोडणी करण्यात आली. एका वाद्याची पट्टी दाबली आणि सूर दुसऱ्यातून उमटला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संकेताची पहिली अधिकृत आवृत्ती प्रसिद्ध झाली.

मिडीच्या तारेतून ध्वनी वाहत नाही, वाहते ती आज्ञा. वादकाने पट्टी दाबताच तीन छोटे आकडे निघतात. पहिला सांगतो की अमुक वाहिनीवर स्वर सुरू करावा. दुसरा सांगतो स्वर कोणता. तिसरा सांगतो पट्टी किती जोराने दाबली. स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक दिलेले असून पियानोच्या मध्यावरील ‘सी’ हा साठावा. वाहिन्या सोळा असल्यामुळे एकाच तारेवरून सोळा निरनिराळ्या वाद्यांना निरनिराळे निरोप धाडता येतात. वेग सेकंदास ३१,२५० खुणांचा. हा आकडा विचित्र दिसला, तरी सेकंदास दहा लक्ष ठोके देणाऱ्या सामान्य घड्याळ-मंडलास बत्तीसने भागले की तो मिळतो. अशा हिशेबाने एका स्वराचा निरोप पोचण्यास सेकंदाचा सुमारे हजारावा भाग लागतो. शिवाय दोन वाद्यांचा विजेने प्रत्यक्ष संबंध येऊ नये म्हणून घेणाऱ्या वाद्यात एक चिमुकला दिवा आणि त्याचा प्रकाश ओळखणारा घटक बसविलेला असतो. निरोप प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जातो आणि विजेची नकोशी गुणगुण अलीकडेच राहते. ही सारी सामग्री स्वस्त होती आणि संकेत वापरण्यास कोणास परवान्याचे शुल्क द्यावे लागत नव्हते. त्यामुळे त्याचा प्रसार झपाट्याने झाला.

यामाहाचा १९८३ मधील डीएक्स-७ लाखाच्या वर खपला आणि त्याच्याबरोबर मिडी घरोघर पोचला. संगणकास की-बोर्ड जोडणारे रोलँडचे एमपीयू-४०१ हे उपकरण १९८४ साली आले. १९८५ च्या अटारी एसटी या संगणकात तर मिडीची खोबणी जन्मतःच होती. संगणक ध्वनीऐवजी आज्ञा टिपून ठेवीत असल्यामुळे चुकलेला एकच स्वर मागाहून दुरुस्त करता येऊ लागला आणि सूर न बदलता लय वाढविता येऊ लागली. तबकडीच्या दर्जाचा ध्वनी साठविण्यास मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा लागे; त्याच वादनाच्या आज्ञा काही किलोबाइटांत मावत. पुढे १९९९ साली यूएसबीच्या तारेनेही हेच निरोप नेण्याची व्यवस्था ठरली.

तथापि या भाषेचे व्याकरण घडले ते पियानोच्या पट्टीवर. सप्तकाचे बारा ठरीव भाग हा तिचा पाया होय. भारतीय श्रोत्यास हा वाद परिचित आहे. मराठी संगीत रंगभूमीने पायपेटी आणि ऑर्गन आपलेसे केले, पण ऑल इंडिया रेडिओवर १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला मज्जाव होता. मींड आणि श्रुती पेटीच्या पट्टीत सापडत नाहीत, हा आक्षेप त्यामागे होता. मिडीत सूर वाकविण्याची आज्ञा आरंभापासून आहे आणि तिच्या १६,३८४ पायऱ्या आहेत. परंतु ती आज्ञा वाहिनीवरील साऱ्या स्वरांना एकदमच लागू होते. प्रत्येक स्वरास स्वतंत्र वाहिनी देऊन त्याला स्वतंत्रपणे वाकविण्याची रीत २०१८ साली अधिकृत झाली. २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत दाबाच्या १२८ पायऱ्यांच्या जागी ६५,५३६ पायऱ्या आल्या. तरीही जुन्या वाद्याशी जुन्याच भाषेत बोलण्याची सोय तीत राखलेली आहे.

या उदारपणाचे फळ स्मिथ यांच्या पदरी लगेच पडले नाही. त्यांची कंपनी अडचणीत आली आणि १९८७ साली यामाहाच्या हाती गेली. काकेहाशी आणि स्मिथ यांचा तांत्रिक ग्रॅमी पुरस्काराने गौरव झाला, तो २०१३ साली. त्यानंतर दोन वर्षांनी, काकेहाशी यांच्या आग्रहावरून, यामाहाने सिक्वेन्शियल हे नाव स्मिथ यांना परत दिले. काकेहाशी २०१७ मध्ये आणि स्मिथ २०२२ मध्ये निवर्तले. शुल्क लावले असते तर या संकेताने त्यांना संपत्ती मिळवून दिली असती; पण मग प्रत्येक कंपनीने आपली वेगळी तार पुन्हा काढली असती. तसे झाले नाही, म्हणून १९८३ सालचे वाद्य आजच्या संगणकास जोडले असता त्याची भाषा त्याला आजही समजते.